किराळ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९७२ सालची गोष्ट. गंगापूर तालुक्यात, कायगाव टोक्याच्या अलीकडे आमचे गाव. जायकवाडीचे धरण अजून बांधून व्हायचे होते, नाथसागर भरायचा होता. त्या वर्षी पाऊस कसा गेला हे साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. मृगात थोडा शिडकावा झाला, त्यावर लोकांनी ज्वारी पेरली, आणि नंतर आभाळ जे कोरडे पडले ते पडलेच. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. पानांच्या सुरळ्या झाल्या. मध्येच एक सर आली आणि त्या खुरटलेल्या पिकाला बुडापासून हिरवेगार फुटवे आले. सगळ्या शिवारात हिरवे म्हणून तेवढेच दिसत होते.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. एका सकाळी आमची बैलजोडी मी बांधावर चारायला नेली होती. तासाभराने घरी आणली. दोन्ही बैल वाड्यासमोरच्या दगडी डोणीवर पोटभर पाणी प्याले आणि गोठ्यात जायच्या आतच त्यातला मोठा बैल थरथरू लागला. तोंडातून फेस आला, मान मागे ओढली गेली, श्वासाची नुसती धाप लागली. पाय दुमडून तो खाली बसला आणि आडवा झाला. वडील ओट्यावरून धावत येईपर्यंत, शेजारी गोळा होईपर्यंत सगळे संपले होते. दुसरा बैल झोकांड्या खात उभा होता. आजीने गूळ पाण्यात कालवून त्याला पाजला. तो दुपारपर्यंत सावरला.

जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, ‘डोणीत काहीतरी टाकलंय.’ आणि दुसऱ्याने लगेच आठवण काढली की सकाळी डोणीजवळ कोण उभा होता. आमच्या शेतावर सुगीला येणारे एक गृहस्थ, महारवाड्यातले. वयाने माझ्या वडिलांहून मोठे, पण घरातले सगळे त्यांना एकेरी हाक मारत, मीही. त्यांचे धान्य आमच्याकडे थकले होते, ते मागायला ते आले होते आणि दोन शब्द वरखाली झाले होते. शिवाय मेलेले जनावर ओढून न्यायचे काम गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराण्यावर लादलेले. जनावर मेले तर कातडे त्यांना मिळणार. एवढा हिशेब जुळला आणि गावाचा निकाल झाला. त्यांना बोलावणे गेले.

पुढे मी पशुवैद्य झालो. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय नेमके त्याच १९७२ साली सुरू झाले होते. तिथे शिकलो आणि तीस-बत्तीस वर्षे जनावरांच्या दवाखान्यांत काढली. त्या सकाळी नक्की काय घडले हे आज मी शास्त्राच्या भाषेत सांगू शकतो. पण गावात त्यासाठी शब्द आधीपासून होता. त्याला म्हणतात किराळ लागणे. किरळ म्हणजे कोंब, कोवळा फुटवा. ज्वारीचा कोवळा फुटवा खाऊन जनावर पडले की ‘किराळ लागली’ म्हणायचे. हा शब्द कोणत्याही प्रयोगशाळेतून आला नाही. ज्यांनी दावणीची जनावरे डोळ्यांदेखत जाताना पाहिली त्या लोकांनी तो घडवला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी शेतीग्रंथांतही पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी गुरांना मारते, हे इथल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक असल्याच्या नोंदी येतात. साहेबाने ते शेतकऱ्याकडूनच ऐकले होते.

कारण कळायला मात्र १९०२ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये विंडहॅम डन्स्टन आणि थॉमस हेन्री या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ज्वारीच्या कोवळ्या रोपांतून एक पदार्थ वेगळा काढला. ज्वारीला अरबी भाषेत ‘धुर्रा’ म्हणतात, त्यावरून त्यांनी त्याला ‘धुरिन’ नाव दिले. हा पदार्थ रोपात असतो तोवर कोणाला इजा करत नाही. त्याला फोडणारे विकरही त्याच पानात, पण वेगळ्या कप्प्यात असते. जनावराने पान चावले, चिरडले की दोघांची गाठ पडते आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष सुटते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्म जीव या कामाला आणखी हातभार लावतात. म्हणून घोड्यापेक्षा गाई-बैलांना हा धोका जास्त. वरून भरपूर पाणी प्यायले तर विष सुटायचा वेग वाढतो. आमच्या बैलांनी डोणीवर तेच केले होते.

आता मात्रा पाहा. जनावराच्या दर किलो वजनामागे साधारण दोन मिलिग्रॅम विष जीव घ्यायला पुरते. म्हणजे तीनशे किलोच्या बैलाला एक ग्रॅमदेखील लागत नाही. हे विष रक्तातला प्राणवायू संपवत नाही. तो वापरण्याची पेशींची ताकदच ते बंद पाडते. रक्तात प्राणवायू भरपूर आणि जनावर मात्र गुदमरते. म्हणून अशा जनावराचे रक्त काळे न पडता लालभडक दिसते. रोप जितके कोवळे, जितके ताणात खुरटलेले, तितके विष जास्त. कापणीनंतर धसकटाला येणारे फुटवेही तसेच. तेच पीक मोठे होऊन फुलोऱ्यावर आले की धोका फार कमी होतो आणि वाळून कडबा झाला की वर्षभर निर्धास्त खाऊ घालावा. एकाच रोपाचे दोन स्वभाव आहेत, आणि त्यातला कोणता कधी समोर येईल हे पाऊस ठरवतो.

त्या साली माणसे अमेरिकेतून आलेली ‘मिलो’ खात होती. मिलो म्हणजे ज्वारीच, तांबडी, परदेशातली. दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या भाकरी खाल्लेले लोक आजही तिची चव विसरलेले नाहीत. परक्या ज्वारीवर माणसे जगत होती आणि घरच्या ज्वारीने आमचा बैल मेला.

पण मला आज बोलायचे आहे ते विषापेक्षा संशयाबद्दल. जनावर अचानक मेले की माणूस शोधायचा, ही खोड आमच्या गावापुरती नव्हती. तिला मोठा इतिहास आहे. १८५०च्या दशकात बंगाल आणि वायव्य प्रांतात इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये गुरांना विष घालणाऱ्यांची मोठी धास्ती पसरली होती. नॉर्मन चेव्हर्स यांच्या १८५६ सालच्या न्यायवैद्यकावरच्या ग्रंथात गुरांच्या विषप्रयोगाचा विचार आहे. सोमल तर वापरत असतच, पण जास्त बोलबाला होता तो गुंजेच्या ‘सुई’चा. गुंजेचे बी वाटून त्याचा लगदा करायचा, त्याला टोकदार सुईचा आकार देऊन उन्हात वाळवायचे आणि ती जनावराच्या कातडीखाली टोचायची. सोनाराच्या तराजूतली ती देखणी गुंज अशा कामालाही येत असे. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत जनावराला मारणे, विष घालणे, निकामी करणे यांसाठी ४२८ आणि ४२९ ही दोन कलमे घातली गेली. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ने घेतली आहे.

असे गुन्हे घडत नव्हते असे नाही. पण गुन्ह्याचा संशय एकेका माणसावर न राहता एका सबंध जातीवर गेला. कातड्याचे काम करणारा चांभार समाज म्हणजे गुरांना विष घालणारा समाज, असे सरकारी कागदांत लिहिले जाऊ लागले. सौरभ मिश्र आणि रामनारायण रावत या इतिहासकारांनी २०११ साली ही कागदपत्रे नव्याने तपासून दाखवले की या आरोपांमागे पुराव्यापेक्षा पूर्वग्रह जास्त होता. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य चांभार शेती आणि शेतमजुरी करत होते, हेही रावतांनी मांडले आहे. कातडे मिळते म्हणून विष घातले, हे तर्कट ऐकायला सोपे होते. आमच्या वाड्यासमोर जमलेल्या लोकांनी चेव्हर्सचे नावही ऐकलेले नव्हते, पण तर्क अगदी तोच केला.

मग ती एवढी गुरे कशाने मरत होती? पुष्कळशी रोगाने. गुरांच्या साथींची चौकशी करायला सरकारने १८६९ साली एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष हॅलेन हे लष्करी पशुवैद्य. १८७१ साली अहवाल आला आणि बुळकांडीचे थैमान सरकारदरबारी नोंदले गेले. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, फाशी ही नावे आपल्या शेतकऱ्यांना पाठ होती. सरकारला ती शिकायला वेळ लागला. १८८६ साली मुंबईला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. १८८९ साली पुण्यात गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. बुळकांडी तर २०११ साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा जनावरांचा पहिला रोग.

विषारी वनस्पतींच्या अभ्यासात एक मराठी नाव आवर्जून घ्यायला हवे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करात शल्यचिकित्सक, आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ, शिवाय कवी. १९०९ साली बडोद्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. बांधावरची कण्हेर, उकिरड्यावरचा धोतरा, कुंपणावरची गुंज ही रोजची झाडे शास्त्राच्या नजरेने पाहणारे आपल्यातले ते एक आद्य अभ्यासक.

अशी झाडे आमच्याही शिवारात काही कमी नाहीत. घाणेरी मुळात परदेशातली, बागेची शोभा म्हणून आणलेली आणि डोंगर-गायरान व्यापून बसलेली. ती खाल्ली की यकृत बिघडते, कावीळ होते, आणि अंगाचा जो भाग पांढरा असतो तिथली कातडी उन्हाने सोलपटते. अशा जनावराला सगळ्यात आधी सावलीत बांधायचे असते. नाल्याकाठची बेशरम शेळ्या एकदा चाखतात आणि मग त्यांना तिची चटक लागते. हळूहळू मागचे पाय लटपटतात. कण्हेर हृदयावर घाला घालते. पण धडधाकट जनावर या झाडांच्या वाटेला सहसा जात नाही. वैरण संपली, पोटात आग पडली की जाते. म्हणून दुष्काळात विषबाधा वाढते. विष झाडात असते हे खरे, पण जनावराला त्याच्यापर्यंत नेते ती भूक.

उपचारांचा इतिहासही लांबचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्षाचे प्रकरण आहे. वासरे, म्हातारी आणि आजारी जनावरे यांच्यावर उपचार करण्याची जबाबदारी त्यात गुराख्यांवर टाकली आहे. किराळीवर आपल्याकडे गूळपाणी पाजतात. साखरेचा आणि या विषाचा थोडासा संयोग होतो, त्यामुळे ती समजूत अगदीच पोकळ नाही. पण त्यावर विसंबून जनावर वाचत नाही. आमचा दुसरा बैल गुळाने वाचला की त्याने कमी खाल्ले होते म्हणून, असे मला कोणी विचारले तर मी दुसरे उत्तर देईन. शिवाय धापा टाकणाऱ्या जनावराला बांबूच्या नळकांड्याने काही पाजायला गेले की ते फुफ्फुसात उतरण्याची भीती असते.

खरा उतारा १९३३ साली सापडला. चीनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे औषधशास्त्रज्ञ के. के. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही जोडी सायनाइडवर चालते हे कुत्र्यांवर दाखवून दिले. पहिले औषध विषाला पेशींपासून ओढून रक्तात धरून ठेवते, दुसरे त्याला गंधक देऊन निरुपद्रवी करते आणि मग ते लघवीवाटे निघून जाते. दोन्ही शिरेतून द्यायची, तीही पशुवैद्यानेच, कारण नायट्राइट जास्त झाले तर तेच घातक. सोडियम थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एकदा पोटात द्यायला तो कमी पडला, तेव्हा मी तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून पुडी बांधून आणला होता. पडलेली म्हैस दहा-पंधरा मिनिटांत मान वर करून उभी राहिलेली मी पाहिली आहे. डॉक्टरच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात. आणि वेळेवर न पोहोचल्याने गेलेली जनावरे त्याहून पुष्कळ जास्त, हेही सांगितले पाहिजे.

आता पुन्हा त्या सकाळी येतो. ते गृहस्थ आले. भोवती गर्दी. वडिलांनी रागाने विचारले, ‘डोणीत काय टाकलंस?’ ते काही बोलले नाहीत. डोणीपाशी गेले, ओंजळ भरली आणि ते पाणी सगळ्यांसमोर प्याले. मग मेलेल्या बैलापाशी बसले आणि म्हणाले, ‘मालक, याचं तोंड उघडून बघा.’ वडिलांनी पाहिले. दाढांत हिरवी पाने अडकली होती, बांधावरचे गवत नव्हते ते. ज्वारीची रुंद पाने, अर्धवट चावलेली. ‘किराळ लागली,’ ते म्हणाले. ‘इख घातलेलं जनावर असं घटकेत पडत नाही. सुईनं तर दोन दोन दिवस लागतात, टोचल्या जागी सूज येते.’

शिकताना मला पुढे पुस्तकांत जे सापडले ते नेमके हेच. गुंजेच्या विषाला दिवस लागतात, सोमलाने आधी हगवण लागते, आणि किराळ काही मिनिटांत आटोपते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरे सोलली, त्यांच्याइतकी जनावराच्या मरणाची ओळख गावात दुसऱ्या कोणाला असणार? पण त्यांना ती विचारायची पद्धत नव्हती. त्यांना फक्त आरोपाचे उत्तर विचारले जाई.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या गृहस्थांनी पाहिले. कारण बैल ज्वारीत शिरले कसे, हे त्या गर्दीत एका माणसाला ठाऊक होते आणि तो मी होतो. बांधावर चिंचेखाली मी गोट्या खेळत बसलो होतो. उठून पाहतो तो दोघे बैल पिकात. धाकट्याला आधी हाकलले, मोठ्याला बाहेर काढायला वेळ लागला. मार बसेल म्हणून घरी काही बोललो नाही. माणसे त्यांच्यावर ओरडत होती तेव्हाही नाही. ते मला काही म्हणाले नाहीत. उठले, हात झटकले आणि वडिलांना एवढेच सांगितले, ‘याला ओढायला मी येणार नाही. इथून पुढं कोणत्याच जनावराला येणार नाही.’

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले होते. मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारणे हा त्या चळवळीचाच पुढचा भाग होता. गावोगावी त्यासाठी लोकांनी बहिष्कार सोसले. आमच्या गावात ते पाऊल त्या दिवशी, आमच्या वाड्यासमोर पडले. वडिलांनी आणि चुलत्यांनी शेजाऱ्याची जोडी मागून बैल शेतात ओढून नेला आणि खड्डा खणून पुरला. थकलेले धान्य त्या संध्याकाळी त्यांच्या घरी पोहोचले. माफी मात्र कोणी मागितली नाही. मी डॉक्टर होऊन गावी गेलो तेव्हा ती मागायचे ठरवून गेलो होतो. ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

आज गंगापूरच्या शिवारात खरिपाची ज्वारी फारशी दिसत नाही. कापूस आला, मका आला, ऊस आला. किराळ हा शब्दही त्यामुळे मागे पडत चालला आहे. पण दुधाच्या जनावरांसाठी कडवळ पेरतात, कापणीनंतर त्याला फुटवे येतात, आणि पावसाने ताण दिला की विष पूर्वीसारखेच भरते. तरुण शेतकरी मला विचारतात तेव्हा मी चार गोष्टी सांगतो. फुलोऱ्याआधीची, कमरेखालची ज्वारी जनावराला घालू नका. ताणातल्या पिकाला पाणी द्या, वाढू द्या, मग कापा. नुसती कोमेजलेली वैरण सुरक्षित नसते, ती पुरती वाळू द्या. उपाशी जनावर अशा शिवारात सोडू नका. आणि जनावर पडलेच तर गूळ शोधण्यात वेळ न घालवता पशुवैद्याला गाठा. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावता येतो. मेलेले जनावर मात्र स्वतः फाडून पाहू नका. एकाएकी झालेला मृत्यू फाशी रोगाचाही असू शकतो आणि तो माणसाला लागतो.

पाचवी गोष्ट मी शेवटी सांगतो. जनावर अचानक गेले, तर कोणाचे नाव घेण्याआधी त्याने काय खाल्ले ते पाहा. आणि ते ज्याला राखायला दिले होते, त्या पोरालाही विचारा.